वाचन आणि बदली : विजेच्या वाद्यांवरील अभिजात संगीताविषयी

१

‘वाद्यवृंद’ आणि ‘ऑर्केस्ट्रा’ हे शब्द कोशात एकमेकांचे प्रतिशब्द म्हणून नांदत असले, तरी मराठी व्यवहारात त्यांचे अर्थ केव्हाच वेगळे झाले आहेत. ‘वाद्यवृंद’ म्हटले की आकाशवाणी आठवते. १९५२ साली दिल्लीत स्थापन झालेला आणि आरंभी रविशंकर यांच्या हाती असलेला तिचा राष्ट्रीय वाद्यवृंद आठवतो, आणि त्या शब्दाला चिकटलेला थोडासा सरकारी गंभीरपणाही. ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले की मात्र गणेशोत्सवाचा किंवा जत्रेचा मांडव डोळ्यांसमोर येतो. दोन-तीन गायक, एक निवेदक, एक ऑक्टोपॅड आणि एक ‘कॅसिओ’. रायगड जिल्ह्याच्या आतल्या भागात, कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत, ‘आज रात्री ऑर्केस्ट्रा आहे’ या वाक्याचा दुसरा अर्थ कुणाच्या मनात येणार नाही. कॅसिओ हे तेथे कंपनीचे नाव राहिलेले नाही. कळांचे कुठलेही विजेचे वाद्य म्हणजे कॅसिओ.

साठ-सत्तर वादकांचा समूह हा ज्या शब्दाचा मूळ अर्थ, तो शब्द एका माणसाच्या दहा बोटांपुरता आकसला. भाषेचा विद्यार्थी याला अर्थसंकोचाचे साधे उदाहरण म्हणेल. आम्हाला मात्र त्यात एका मोठ्या घडामोडीचा ठसा दिसतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर विजेच्या वाद्यांनी अभिजात संगीताला, विशेषतः वाद्यवृंदाच्या संगीताला, हात घातला. कधी त्या वाद्यांनी जुन्या रचना नव्याने वाचल्या, तर कधी त्या रचना वाजवणाऱ्या माणसांना उठवून त्यांच्या खुर्चीवर स्वतः बसली. यंत्र तेच, तंत्रही पुष्कळसे तेच. पण पहिले काम वाचनाचे आणि दुसरे बदलीचे. या दोन कामांतील सीमारेषा कोठे आखायची, हा या लेखाचा प्रश्न आहे. भाषांतर, रूपांतर आणि वाङ्मयचौर्य यांच्या सीमारेषांवर एरवी वाद घालणाऱ्या साहित्याच्या वाचकाला तो परका वाटू नये.

२

या इतिहासाशी कर्जत-खालापूरचा संबंध वरवर दिसतो त्याहून जुना आहे, आणि तो संगीतापासून नव्हे तर पाण्यापासून सुरू होतो. लोणावळ्याच्या परिसरातील वळवण, शिरवटा या तलावांचे पाणी घाटमाथ्यावरून नळांतून पाचशे मीटरांहून अधिक खाली खोपोलीला आणून टाटांच्या कंपनीने १९१५ साली वीजनिर्मिती सुरू केली. खोपोली खालापूर तालुक्यात येते. पुढे १९२२ साली कर्जत तालुक्यातील भिवपुरी येथे दुसरे वीजगृह सुरू झाले. वीज तयार झाल्यावर खोपोलीचे पाणी पाताळगंगेला मिळते आणि भिवपुरीचे उल्हास नदीला; वीज मात्र तारांवरून मुंबईला जाते. मुंबईच्या कापड गिरण्या हे तिचे पहिले मोठे गिऱ्हाईक. गिरण्यांच्या मागोमाग शहराचे दिवे, ट्रॅम, पंखे आणि यथावकाश बोलपट, ध्वनिमुद्रण आणि विजेची वाद्ये असा सारा पसारा जिच्यावर उभा राहिला, त्या विजेचा एक उगम या दोन तालुक्यांत आहे.

गिरणीचा उल्लेख आम्ही मुद्दाम करीत आहोत. ‘बदली’ हा शब्द मुंबईच्या मराठीत सरकारी बदलीपेक्षा वेगळ्या अर्थाने रुजला तो गिरण्यांमुळे. कायम कामगार गैरहजर असेल त्या दिवशी त्याच्या साच्यावर उभा राहणारा तो ‘बदली’ कामगार. तो सकाळी दरवाजाशी येऊन थांबे, काम मिळाले तर करी, नाहीतर परत जाई. पण बदलीलाही नाव असे, हजेरीपटावर नोंद असे. ज्याच्या जागी तो उभा राही त्याचे नाव पुसले जात नसे. संगीतातल्या यंत्राची बदली यापेक्षा वेगळी निघाली. ती कशी, याकडे आपण पुढे येऊ.

३

यंत्राने आपले संगीत वाचावे काय, हा वाद महाराष्ट्रात वीज नसलेल्या वाद्यावरून आधीच झडून गेला होता. ते वाद्य म्हणजे हार्मोनियम. पेटीच्या कळा स्थिर, तिचा सप्तक बारा भागांत कापलेला. त्यामुळे मींड अशक्य आणि श्रुतींचा प्रश्न कायमचा निकालात. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील आपले इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स त्यांच्या विचाराने भारावले. या दोघांच्या खटपटीतून ‘श्रुती हार्मोनियम’ तयार झाली, आणि अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या गायकाचे साहाय्य तिला लाभले. १९१६ च्या बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत तिच्यावर चर्चा झाली. विष्णु नारायण भातखंडे यांना मात्र हा मार्ग मान्य नव्हता.

ती पेटी प्रचारात आली नाही. तरी तिच्यामागचा विचार मोलाचा होता. देवल-क्लेमंट्स यांना यंत्राकडून गायकाची जागा घ्यायची नव्हती. गायक नेमके काय करतो हे त्यांना यंत्राच्या मदतीने वाचायचे होते. वाचन चुकले असेल. भूमिका वाचकाची होती.

इकडे रंगभूमीने श्रुतींच्या वादाची वाट न पाहता ऑर्गन स्वीकारला. गंधर्व नाटक मंडळीच्या काळापासून ऑर्गनचा भरीव, लांब टिकणारा सूर हा नाट्यपदाचा जणू अंगभूत भाग झाला, इतका की आज नाट्यसंगीताच्या मैफलीत ऑर्गन नसेल तर श्रोत्याला चुकल्यासारखे वाटते. आकाशवाणीने मात्र १९४० पासून हार्मोनियमला बंदी घातली आणि ती तीस वर्षांहून अधिक टिकली. एकाच भाषेच्या प्रदेशात एकच कळवाद्य रंगमंचावर परंपरा ठरत होते आणि ध्वनिक्षेपणात परंपरेचा शत्रू. यंत्राविषयीचे आपले निवाडे यंत्रावर फारसे अवलंबून नसतात, ते कोठे बसून ऐकले यावर अवलंबून असतात, एवढा धडा येथे घेण्यासारखा आहे.

४

आता थोडे बाहेर पाहू. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ च्या सुमारास आपला सिंथेसायझर घडवला, आणि १९६८ मध्ये वेंडी कार्लोस यांची ‘स्विच्ड-ऑन बाख’ ही ध्वनिमुद्रिका कोलंबिया कंपनीने काढली. तीत अठराव्या शतकातील जर्मन रचनाकार बाखच्या रचना संपूर्णपणे मूग यंत्रावर वाजवल्या आहेत. तिला तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले आणि अभिजात संगीताच्या ध्वनिमुद्रिकेला क्वचितच लाभावा असा खप लाभला.

हे काम किती कष्टाचे होते हे लक्षात घेतले पाहिजे. त्या यंत्रातून एका वेळी एकच सूर निघे. म्हणजे चार स्वरपंक्ती एकत्र चालणाऱ्या रचनेसाठी प्रत्येक पंक्ती स्वतंत्रपणे वाजवून ध्वनिफितीच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर मुद्रित करायची. यंत्राचे सूर सतत ढळत, म्हणून थोडे वाजवायचे, थांबायचे, पुन्हा सुरात आणायचे. प्रत्येक पंक्तीला कोणता ध्वनिरंग द्यायचा, तो कोठे बदलायचा, स्वर किती तुटक ठेवायचा, हे सारे ठरवावे लागे. वाक्य अन् वाक्य सुटे करून शब्दाची निवड करणाऱ्या भाषांतरकाराचे काम याहून फार वेगळे नसते. परिणामी व्हायोलिनच्या एकसंध रंगात जे विणकाम कानाला सहसा गुंतलेले वाटते, ते येथे धागा धागा सुटा होऊन ऐकू येते.

या ध्वनिमुद्रिकेत बाखचा तिसरा ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्तो आहे. १७२१ साली अर्पण केलेल्या सहा कॉन्चेर्तोंपैकी हा तिसरा, केवळ तंतुवाद्यांसाठी आणि आधारपंक्तीसाठी लिहिलेला. त्याच्या मधल्या भागात बाखने फक्त दोन स्वरसंघात लिहून ठेवले आहेत, बाकी कागद कोरा. तेथे वादकाने काहीतरी उत्स्फूर्त वाजवावे, अशी त्या काळची रीत होती. कार्लोस यांनी ती कोरी जागा बाखच्या काळाचे अनुकरण करून भरली नाही. तेथे यंत्राचे स्वतःचे, उघडउघड विजेचे असे ध्वनी योजले. संहिता बोलते तेथे तिच्याशी कमालीची निष्ठा, आणि संहिता गप्प आहे तेथे स्वतःचा आवाज. चांगल्या वाचकाची याहून नेमकी व्याख्या आम्हाला सुचत नाही.

जपानमध्ये इसाओ तोमिता यांनी १९७४ मध्ये फ्रेंच रचनाकार देब्युसीच्या पियानोरचना आणि १९७६ मध्ये इंग्रज रचनाकार होल्स्टची ‘प्लॅनेट्स’ ही वाद्यवृंदरचना याच पद्धतीने घडवली. त्यांचे वाचन कार्लोस यांच्याहून अधिक स्वैर, धूसर, चित्रमय आहे. होल्स्टच्या कन्येने, इमोजेन होल्स्ट यांनी, त्याला हरकत घेतली. हरकत घेतली गेली याचाच अर्थ असा, की येथे एक मूळ लेखक आहे, एक वाचक आहे आणि दोघांमधील नाते वादविषय होऊ शकते, हे सर्वांना मान्य होते. कार्लोस आणि तोमिता यांच्या ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर दोन नावे असतात, एक रचनाकाराचे आणि दुसरे यंत्र हाताळणाऱ्याचे. ही साधी गोष्ट आम्हाला पुढे कसोटीसारखी वापरायची आहे.

५

मुंबईकडे वळताना एक अडचण आधी नोंदवायला हवी. बाखचे पान लिहिलेले आहे. रागाला असे पान नाही. राग वाद्यवृंदाला द्यायचा तर प्रथम त्याला कागदावर उतरवावे लागते, आणि मुंबईत ते करू शकणारी माणसे प्रामुख्याने गोव्यातून आली. चर्चशाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखन शिकलेले हे वादक हिंदी चित्रपटसंगीताचा कणा होते. त्यांतले माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी चित्रपटाबाहेर पाऊल टाकले. रागांवर आधारलेल्या वाद्यवृंदरचना त्यांनी लिहिल्या आणि १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या आवारात आपल्या ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’चे कार्यक्रम केले. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यांत गायले. प्रयोग टिकला नाही. १९६५ च्या सुमारास गोन्साल्विस अमेरिकेला गेले, आणि पुढे १९७७ च्या एका चित्रपटगीतात त्यांचे नाव एका विनोदी पात्राला मिळाले. ते देण्यामागे प्यारेलाल यांची गुरूविषयीची कृतज्ञता होती. ऐकणाऱ्या कोट्यवधी लोकांना मात्र असा माणूस खरोखर आहे याची कल्पनाही नव्हती. नाव गाजले आणि माणूस अनामिक राहिला.

विजेचे वाद्य तोवर मुंबईत येऊन पोहोचले होते. १९५४ च्या ‘नागिन’ या चित्रपटातील बीन ही बीन नव्हतीच. फ्रान्समध्ये १९४७ साली जन्मलेल्या क्लॅव्हिओलिन या छोट्या विजेच्या वाद्यावर कल्याणजी वीरजी शाह यांनी ती वाजवली, साथीला रवी यांची हार्मोनियम होती, आणि संगीतकार होते हेमंतकुमार. गंमत अशी की या नकली बिनीने अस्सलालाच आपल्यामागे ओढले. आज लग्नाच्या वरातीत, बँडमध्ये किंवा बँजोवर ‘नागीण’ वाजते ती गारुड्याची नव्हे, क्लॅव्हिओलिनची. पुढे सत्तरच्या दशकात केरसी लॉर्ड यांनी मूग यंत्र चित्रपटसंगीतात रुळवले. ते मुळात कसलेले वादक आणि स्वरलेखनात पारंगत संयोजक. त्यांच्या हाती ते यंत्र वाद्यवृंदात मिसळणारे आणखी एक वाद्य होते. व्हायोलिनचे काम व्हायोलिनवाल्यांकडेच राहिले.

याच सुमारास, १९६९ मध्ये, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर यांनी मूग यंत्राची प्रयोगशाळा उभारून दिली. तेथे गीता साराभाई यांच्यासह काही भारतीयांनी केलेल्या रचनांच्या फिती कपाटात पडून राहिल्या आणि पन्नासहून अधिक वर्षांनी, २०२३ मध्ये, ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने बाहेर आल्या. आपल्याकडे यंत्र पोहोचले नाही असे नाही. पोहोचले, पण त्याने केलेले वाचन वाचणारा वर्ग तयार झाला नाही.

६

या उणिवेचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे चरणजित सिंग. ते मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वादक, गिटार आणि कळांची विजेची वाद्ये हाताळणारे. १९८२ मध्ये त्यांनी तीन जपानी यंत्रे एकमेकांना जोडली : रोलंड कंपनीचा ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे मंद्र स्वरांचे यंत्र. या तिघांवर ललित, तोडी, भूपाळी, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस असे दहा राग वाजवून त्यांनी डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ हे तिचे उपशीर्षक. एचएमव्हीने ध्वनिमुद्रिका काढली आणि ती चालली नाही. २००२ साली एडो बाउमन या डच संग्राहकाला तिची एक प्रत भारतात मिळाली, २०१० मध्ये त्याच्या कंपनीने ती पुन्हा प्रसिद्ध केली, आणि युरोपात एकच खळबळ उडाली. कारण शिकागोमध्ये १९८७ च्या सुमारास ज्या नृत्यसंगीताचा जन्म झाल्याचे मानले जाते आणि ज्याचा प्राण हेच टीबी-३०३ यंत्र आहे, तशाच ध्वनीचे संगीत एका मुंबईकर वादकाने पाच वर्षे आधी केलेले होते. चरणजित सिंग यांना उतारवयात युरोपच्या मंचांवर बोलावणी आली. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

युरोपीय समीक्षेने त्यांना ‘आद्य’ ठरवले. हा सन्मान खरा. पण तो चुकीच्या वाचनावर उभा आहे असे आम्हाला वाटते. शिकागोचे बीज शोधण्याच्या घाईत त्या ध्वनिमुद्रिकेच्या नावातला ‘राग’ हा शब्द कुणी वाचलाच नाही. रागाच्या बाजूने ती ऐकली तर काय सापडते? टीबी-३०३ मध्ये सोळा पायऱ्यांची स्वरमाला साठवता येते आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय असते. हे यंत्र खरे तर एकट्या गिटारवादकाला साथ मिळावी म्हणून बनवलेले. चरणजित सिंग यांच्या हाती मात्र त्या सोळा पायऱ्या लेहऱ्यासारख्या वागतात. तबल्याच्या एकलवादनात सारंगी किंवा पेटी जशी एकच स्वरओळ पुन्हा पुन्हा फिरवत राहते, तशी ही मंद्रातली ओळ फिरते. आणि ती घसरण, हार्मोनियमला जे कधीच जमले नाही त्या मींडेची, दूरची का होईना, आठवण देते. देवल यांनी कळांची संख्या वाढवून जे साधू पाहिले, ते येथे दोन कळांमधील अंतर वितळवून साधले आहे.

काय हरवले तेही सांगितले पाहिजे. सोळा पायऱ्या आहेत, पण तो त्रिताल नव्हे. सम मोजता येते, खाली नाही. प्रत्येक ठोका सारख्याच वजनाचा. रागाला पाचेक मिनिटे मिळतात, त्यामुळे आलापाला वाव जवळपास नाहीच, आणि ललितची पहाट व मालकंसाची रात्र एकाच वेगाने सरकतात. पण हे हरवणे झाकलेले नाही. सारंगी किंवा सतारीचा आव येथे कुठेही आणलेला नाही. आम्ही रागाचा सांगाडा यंत्राच्या भाषेत मांडत आहोत, मांस तुम्ही तुमच्या स्मरणातून भरा, असा तो सरळ व्यवहार आहे. यमन ज्याने ऐकलेला आहे त्यालाच तो पूर्ण कळतो. म्हणूनच आम्ही त्याला वाचन म्हणतो.

एक योगायोग येथे नोंदवण्याजोगा आहे. १९८२ हेच मुंबईच्या गिरणी संपाचे वर्ष. १८ जानेवारीला सुरू झालेल्या त्या संपानंतर हजारो कायम आणि बदली कामगार पुन्हा साच्यावर परतले नाहीत. त्यांतले कित्येक कोकणातले होते. खोपोलीची वीज ज्यांच्यासाठी प्रथम मुंबईला गेली त्या गिरण्या थंडावत होत्या, आणि त्याच शहरात विजेची वाद्ये नव्या बदलीची तयारी करीत होती.

७

ही बदली आली ती ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात. त्या आधीच्या सिंथेसायझरला स्वतःचा आवाज होता. तो व्हायोलिनची नक्कल करू गेला तरी फसवू शकत नसे. पण १९८८ साली आलेल्या कॉर्ग एम-वनसारख्या वाद्यांत प्रत्यक्ष वाद्यांचे मुद्रित ध्वनीच साठवलेले होते. कळ दाबली की कुण्या अज्ञात वादकाने, कुठल्यातरी दूरच्या स्टुडिओत, एकदा ओढलेला गज पुन्हा ऐकू येई. आता यंत्राला वाचण्याची गरज उरली नाही. त्याला फक्त हुबेहूब व्हायचे होते.

मुंबईतील चित्रपट-ध्वनिमुद्रणाची पद्धत तोवर सामूहिक होती. ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या स्टुडिओत मोठ्या संख्येने वादक एकत्र बसत, संयोजकाने लिहिलेली पाने पुढ्यात घेत, गायक त्यांच्यासोबतच गाई, आणि एकाची चूक झाली तर सर्वांना पुन्हा वाजवावे लागे. अनिल मोहिले यांच्यासारखे मराठी संयोजक याच शिस्तीत घडले. १९९२ च्या ‘रोजा’पासून संगणकावर थर रचून गाणे बांधण्याची रीत प्रतिष्ठित झाली आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मोठ्या वाद्यवृंदाची पद्धत जवळजवळ संपली. ग्रेगरी बूथ यांनी या वादकांच्या मुलाखती घेऊन लिहिलेला इंग्रजी ग्रंथ २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भेटणाऱ्या अनेक वादकांची नावे गाण्याच्या कुठल्याही वेष्टनावर आलेली नाहीत. म्हणजे आधीच्या व्यवस्थेतही न्याय होता असे नाही; पण त्यांना रोजगार होता, संघटना होती, एकमेकांच्या स्मरणात नावे होती. नव्या व्यवस्थेत हेही गेले.

येथे आमची कसोटी लागू पडते. वाचनात दोन नावे असतात, बाख आणि कार्लोस, देब्युसी आणि तोमिता. रागाला कर्ता नाही. तरी ‘यमन’ हे नाव आहे आणि चरणजित सिंग हेही. बदलीत एकही नाव उरत नाही. ज्याचा ध्वनी यंत्रात साठवला तो व्हायोलिनवादक अनामिक, आणि ज्याची खुर्ची गेली तोही अनामिक. गिरणीचा बदली कामगार निदान हजेरीपटावर होता.

याचा अर्थ प्रवास एकाच दिशेने झाला असे नव्हे. मुंबईत २००६ साली राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रात ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ उभा राहिला. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी अमेरिकेतील सोनी स्कोअरिंग स्टेजवर प्रत्यक्ष सिम्फनी वाद्यवृंद वाजवून घेतला. तेथे असे ध्वनिमुद्रण झालेला हा पहिला भारतीय चित्रपट. कॅसिओवर वाढलेल्या पिढीने मूळ वाद्यवृंदाकडे जावे, हलगी आणि व्हायोलिनचा ताफा एकाच चित्रपटात यावा, ही घटना लहान नाही. परंतु त्यासाठी अमेरिकेला जावे लागले, हेही तितकेच बोलके आहे. ताडदेवच्या वादकांची साखळी मधल्या काळात तुटली होती.

८

आता पुन्हा घाटाच्या पायथ्याशी येऊ. कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चौक गावाजवळ, खालापूर तालुक्याच्या हद्दीत कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी २००५ मध्ये एनडी स्टुडिओ उभारला. ‘जोधा अकबर’मधील आग्र्याचा महाल आणि ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेतील गडांचे दरवाजे लाकूड, प्लास्टर आणि फायबर यांतून येथे उभे राहिले. देसाई यांनी २०२३ च्या ऑगस्टमध्ये येथेच जीवनयात्रा संपवली. या नेपथ्याला ‘नकली’ म्हणणे सोपे आहे. पण प्रेक्षकाला ते नेपथ्य आहे हे ठाऊक असते, त्याच्या कर्त्याचे नाव श्रेयनामावलीत असते, आणि मूळ रायगड त्यामुळे जागचा हलत नाही. आमच्या कसोटीनुसार हे वाचनच आहे. नकलेचा दोष नकलेत नसतो, ती नक्कल आहे हे लपवण्यात असतो.

याच गावांत आणखी एक वाचन चालते, ज्याची नोंद समीक्षेने घेतलेली नाही. हळदीच्या रात्री आणि मिरवणुकांत वाजणारा ‘बँजो’ म्हणजे अमेरिकेतला बँजो नव्हे. जपानी ताइशोगोतोपासून आलेले बुलबुलतरंग हे टंकलेखन यंत्राच्या कळांसारख्या कळांचे तंतुवाद्य; त्याला वीज जोडली की झाला बँजो. त्याच्या साथीला कॅसिओ, ढोल, ताशा. जुन्या चित्रपटगीतांतले व्हायोलिनच्या ताफ्याचे तुकडे, बासरीची उत्तरे, गायिकेच्या हरकती, हे सारे बँजोवाला दोन-तीन तारांवर एकट्याने वाजवतो. साठ वादकांची रचना त्याने कधी कागदावर पाहिलेली नसते. कानाने उचलून, आपल्या वाद्याला पेलेल तेवढी ठेवून आणि उरलेली श्रोत्याच्या आठवणीवर सोपवून तो ती सादर करतो. गाणे कोणते हे मिरवणुकीतल्या प्रत्येकाला ठाऊक असते आणि पथकाचे नाव गाडीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेले असते. दोन्ही नावे जागेवर आहेत. कार्लोस आणि चरणजित सिंग यांच्या पंगतीला या अनोळखी वाचकांना बसवायला आम्हाला संकोच वाटत नाही.

साहित्याच्या वर्गात आपण ‘मूळ’ आणि ‘रूपांतर’ यांची चर्चा करतो ती बहुधा निष्ठेच्या अंगाने : कोण मूळाशी किती प्रामाणिक? विजेच्या वाद्यांचा हा इतिहास असे सुचवतो, की निष्ठेच्या आधी श्रेयाचा प्रश्न विचारायला हवा. सिंथेसायझरने बाखची निष्ठा राखली की नाही यावर मतभेद होतील. पण त्याने बाखचे नाव पुसले नाही. उलट, ज्या यंत्राने व्हायोलिनची सर्वांत हुबेहूब, सर्वांत ‘निष्ठावान’ नक्कल केली, त्यानेच व्हायोलिनवाल्याचे नाव पुसले. आज संगणक हवे त्या शैलीतले संगीत आणि हवे त्या शैलीतले गद्यही क्षणात रचून देऊ लागला असताना हा भेद केवळ संगीताचा राहिलेला नाही. पुढ्यात आलेला मजकूर कोणाचे वाचन आहे आणि कोणाची बदली, हे विचारण्याची सवय आपण विद्यार्थ्यांना लावू शकलो, तर त्या अनामिक वादकांचे थोडेसे ऋण फिटेल.